बैलाशेजारी कोण उभं आहे?

गटाची बैठक आटोपून आम्ही आज रेडिओच्या खोलीत येऊन बसलो आहोत. आज बोलायचंय बैलाविषयी. गोठ्यातला बैल तर आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा. आज बोलू या धातूच्या बैलाविषयी, आणि त्याच्या शेजारी कोण उभं आहे, याविषयी.

हे आमच्या डोक्यात आलं ते एका मोडीमुळे. मागे एकदा गल्लीत मोड घेणारा आला होता. आमच्यातल्या एकीने माळ्यावरची जुनी भांडी खाली काढली. फुटका हंडा, चेपलेली पातेली, बिनकानाचा तांब्या. त्या ढिगात एक पितळी नंदी होता, मुठीत मावेल एवढा. घासून घासून त्याची शिंगं बोथट झाली होती. तोही काट्यावर गेला. तेवढ्यात तिच्या सासूबाई ओसरीवरून उठल्या, काट्यावरचा नंदी उचलला आणि पदरात घेतला. म्हणाल्या, "हा नाही द्यायचा. हा सर्ज्या आहे."

तेव्हा कुठे घरातल्यांना कळलं. आत्याबाईंच्या सासूच्या काळात घरी सर्ज्या नावाचा बैल होता. त्या बाईने त्याला वासरू असल्यापासून हाताने वाढवलेलं. तो गेला तेव्हा तिने जेजुरीहून येताना हा नंदी आणला आणि देवघरात ठेवला. पुढे त्याची पूजा चालू राहिली, पण त्याचं नाव फक्त एकाच डोक्यात उरलं. त्या दिवशी आत्याबाई शेतात असत्या तर पाऊण किलो पितळेबरोबर सर्ज्याही गेला असता.

आम्ही त्या रात्री विचार करत राहिलो. धातूचा बैल म्हणजे नुसतं वजन नसतं. त्यात कुणीतरी कुणाविषयी काहीतरी सांगून ठेवलेलं असतं. मग जुन्या काळच्या माणसांनी काय सांगून ठेवलं असेल? आणि असा शोध घ्यायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, उत्तरेला श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या काठावर दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. गाव कधीचंच उठलेलं, पण जगभरच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचं नाव ठाऊक आहे.

सन १९७४. दायमाबादच्या टेकाडावर छबू लक्ष्मण भिल नावाचे शेतकरी एका झुडपाच्या बुंध्याशी खणत होते. खणता खणता धातूच्या चार वस्तू लागल्या. छोट्या नव्हत्या. चारही मिळून वजन साठ किलोहून जास्त. म्हणजे धान्याच्या मोठ्या पोत्याएवढं. एक होती बैलांची गाडी. दुसरी म्हैस, तिसरा हत्ती आणि चौथा गेंडा.

जरा डोळ्यांपुढे आणा. गाडी ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण एक हात. दोन बैल जुवाला जोडलेले. पाठीवर वशिंड. लांब दांडी, मागे दोन चाकं, आणि गाडीत उभा एक माणूस, १६ सेंटिमीटर उंचीचा. बसलेला नाही, उभा आहे. आणि गंमत म्हणजे पुढे दांडीवर एक कुत्राही आहे. बैलगाडीबरोबर रानात निघालेला कुत्रा आपण रोज बघतो. तोच तिथे धातूत उभा आहे.

म्हैस ३१ सेंटिमीटर उंच. ती चार चाकांच्या पाटावर उभी आहे. गेंड्यालाही चाकं आहेत. हत्ती पाटावर आहे. त्याच्या पाटाला चाकांची सोय दिसते, पण चाकं मिळाली नाहीत. जनावरांना चाकं कशाला, असं तुम्ही विचाराल. मिरवणुकीत त्यांना ओढत नेत असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं. आपल्याला ही कल्पना परकी नाही. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत नेतातच की.

आता हे केलं कसं असेल, ते समजून घेऊ. कारण ही कला आपल्या स्वयंपाकघरापासून फार दूर नाही. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. तांब्यात कथील मिसळलं की कांसं होतं, त्यालाच ब्राँझ म्हणतात. कथील आपल्याला कल्हईमुळे माहीत आहे. आणि कांसं माहीत आहे तळपाय घासायच्या काशाच्या वाटीमुळे. दायमाबादच्या वस्तूंना कांस्यशिल्पं म्हणतात खरं, पण त्या धातूची तपासणी झाली तेव्हा त्यात बहुतेक तांबंच निघालं. त्यात एक टक्क्याहून थोडं जास्त सोमल, म्हणजे आर्सेनिक, होतं.

ओतकामाची जुनी रीत अशी. आधी मेणाचं जनावर करायचं. शिंग, कान, डोळा, वशिंड सगळं मेणात. मग त्यावर बारीक चाळलेल्या मातीचे लेप द्यायचे, एक वाळला की दुसरा. खाली एक भोक ठेवायचं. सगळं भट्टीत तापवलं की मेण वितळून भोकातून निघून जातं आणि आत जनावराच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. तांबं वितळायला १०८५ अंश उष्णता लागते. आपल्या चुलीचं ते काम नव्हे, त्याला भाता लागतो आणि भरपूर कोळसा. धातू निवला की मातीचा साचा फोडायचा. साचा फुटतो, म्हणून एका साच्यातून एकच जनावर निघतं. दुसरं हवं असेल तर पुन्हा मेणापासून सुरुवात.

एवढा खटाटोप कुणी सहज करत नाही. तांबं तेव्हा महाग होतं, दुरून यायचं. त्याच्या कुऱ्हाडी करता आल्या असत्या, छिन्न्या करता आल्या असत्या. तरी त्या लोकांनी साठ किलो धातू जनावरांवर घातला. यावरूनच कळतं, जनावर त्यांच्यासाठी किती मोलाचं होतं.

या वस्तू केव्हाच्या? बरेच अभ्यासक म्हणतात, चार हजार वर्षांपूर्वीच्या. सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळात त्या रीतीची माणसं दायमाबादला राहत होती, आणि सिंधूच्या मुद्रांवर हत्ती, गेंडा, म्हैस ही जनावरं आहेतच. पण काही जाणकार त्यांना इतकं जुनं मानत नाहीत. धातूतल्या सोमलामुळे त्यांना शंका येते. आणि वादाचं मोठं कारण तुम्हा-आम्हाला सहज कळेल असं आहे. या वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननात थरावर मिळाल्या नाहीत. जमिनीचे थर म्हणजे उतरंडीसारखे असतात, सगळ्यात जुनं मडकं तळाशी. वस्तू कोणत्या थरात होती हे नीट नोंदलं गेलं तर तिचं वय सांगता येतं. तिथे वस्तू आधी हाती आल्या. पुढे १९७४ ते १९७९ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने टेकाड पद्धतशीर उकरलं, आधी एस. आर. राव यांच्या आणि मग एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली. त्यात एकावर एक पाच वस्त्यांचे थर मिळाले.

तरी एक गोष्ट मोठीच म्हणायची. साठ किलो तांबं मोडीत गेलं नाही. त्याचे हंडे झाले नाहीत. ते सरकारजमा झालं, अभ्यासकांपर्यंत पोचलं. आज गाडी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि म्हैस, हत्ती, गेंडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. मुंबईला गेलात तर आपल्या जिल्ह्यातली म्हैस बघून या.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. जनावराशेजारी कोण उभं आहे? गाडीच्या बैलांमागे एक माणूस उभा आहे, पुरुष आहे. म्हैस एकटी, हत्ती एकटा, गेंडा एकटा. हत्ती-गेंडा रानातले, त्यांचं एकटं असणं समजतं. पण म्हैस? म्हैस कधी एकटी असते का? तिच्यापुढे वैरण टाकणारं, तिच्या कासेशी बसणारं कुणीतरी असतंच. आपल्या तालुक्यात पहाटे म्हशीखाली कोण बसतं, ते आम्ही सांगायला नको. त्या काळी कोण बसत होतं ते धातू सांगत नाही. धातूत जागा मिळाली ती हाकणाऱ्याला.

पण थांबा. बाईची मूर्तीही सापडली आहे, आणि तीही आपल्याला फार जवळ. आपल्या तालुक्याच्या कडेने घोड नदी वाहते. नदीपलीकडे शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. त्या काळच्या या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. ते नावही आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडलेलं आहे.

इनामगावच्या एका घरात जमिनीखाली मातीची एक डबी पुरलेली मिळाली. डबीत बाईची मातीची मूर्ती होती. डबीच्या झाकणावर बाईची आणखी एक मूर्ती, तिला डोकं नव्हतं, आणि शेजारी एक मातीचा बैल. बाईच्या मूर्तीला भोक होतं आणि बैलाच्या पाठीलाही. काडी घालून बघितली, तर बाई बैलावर नीट बसली. अभ्यासक म्हणतात, ही त्या घरातली देवी असावी आणि बैल तिचं वाहन.

धातूची नाही, साधी कच्ची माती. कुठल्या मिरवणुकीतली नाही, घरातल्या जमिनीत जपून पुरलेली. तिथे बैलाशेजारी नव्हे, बैलावर बाई आहे. आम्हाला यातून एवढंच दिसतं की बाई आणि बैल यांचं नातं माणसांना तेव्हाही ठाऊक होतं. ते महागाच्या धातूत आलं नाही, मातीत आलं. आणि माती लवकर विरघळते.

आता अलीकडच्या काळात येऊ. धातूची जनावरं ओतायचं थांबलेलं नाही. पण शेजारी कोण उभं राहतं, ते बदलत गेलं.

मधल्या काळात जनावराच्या पाठीवर राजे आले. पुण्यात विनायक पांडुरंग करमरकर यांनी केलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली उभा राहिला. मुंबईत त्याच्याही आधी, १८७९ साली, इंग्लंडच्या युवराजाचा घोड्यावरचा पुतळा बसवला होता. पण लोकांनी त्या जागेला काय नाव दिलं? काळा घोडा. युवराजाचं नाव लोकांनी घेतलंच नाही. १९६५ साली तो पुतळा तिथून हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला तरी त्या जागेचं नाव काळा घोडाच राहिलं. शेवटी २०१७ साली तिथे नवा घोडा उभा केला. अल्फाझ मिलर यांनी तो कल्पिला आणि श्रीहरी भोसले यांनी घडवला. या घोड्याच्या पाठीवर कुणीच नाही. खोगीर नाही, स्वार नाही. लोकांनी जे नाव ठेवलं होतं, त्याप्रमाणे शेवटी घोडाच उरला.

मुंबईतच दलाल स्ट्रीटवर, शेअर बाजाराच्या दारात, ब्राँझचा एक बैल आहे. २००८ साली तो बसवला. तो केला आपल्या शेजारच्या सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी. बाजार चढला की त्याला बैलाची उपमा देतात, कारण बैल शिंगं खालून वर उचलून मारतो. म्हणून हा बैल उसळी घेणारा, शेपूट उडवलेला. दायमाबादचा बैल जू ओढतो. या बैलाच्या मानेवर जू नाही, नाकात वेसण नाही, मागे गाडी नाही, शेजारी माणूस नाही. त्याने कधी नांगर ओढलेला नाही. तो पैशाचा बैल आहे. त्याला वैरण कोण घालतं, हा प्रश्नच तिथे कुणाला पडत नाही.

असाच एक बैल अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात आहे. आर्तुरो दी मोदिका या शिल्पकाराने १९८९ च्या डिसेंबरात तो रस्त्यावर आणून उभा केला. वजन तीन हजार किलोच्या वर. अंगावर चालून येणारा, नाकपुड्या फुगवलेला. बरीच वर्षं तो एकटाच होता. मग २०१७ साली महिला दिनाच्या आदल्या दिवशी क्रिस्टन विस्बल या शिल्पकार बाईने केलेली एक ब्राँझची मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली. लहानशी पोरगी, कमरेवर हात, हनुवटी वर. आणि बघता बघता बैलाचा अर्थच पालटला. कालपर्यंत तो बाजाराच्या ताकदीचा बैल होता. आज तो पोरीवर धावून येणारा बैल झाला. बैल तोच, तसूभर हललेला नाही. दी मोदिका यांनी हरकत घेतली की माझ्या बैलाचा अर्थ बदलला. पुढे २०१८ साली मुलगी तिथून हलवून शेअर बाजारासमोर नेली.

आम्हाला ही गोष्ट ऐकून दोन्ही वाटलं. त्या पोरीचं कौतुक वाटलं. आणि थोडं हसूही आलं. कारण आपल्याकडे बैलासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहणारी पोर म्हणजे काही नवल नाही. आपल्या पोरी बैलासमोर उभ्या राहतात ते त्याला पाणी दाखवायला. आणि तो धावून येत नाही, मान पुढे करतो. जगाने बाई आणि बैल यांची टक्कर दाखवली. आपल्या अंगणातलं नातं टकरीचं नाही, दाव्याचं आहे, गव्हाणीचं आहे, पोळ्याच्या पुरणपोळीचं आहे.

म्हणजे धडा हा. जनावराचा अर्थ एकट्या जनावरात नसतो. त्याच्या शेजारी कोण उभं केलं, यावर तो ठरतो. मागे हाकणारा उभा केला की तो कष्टाचा बैल. पाठीवर राजा बसवला की तो सत्तेचा घोडा. कुणीच ठेवलं नाही की पैशाचा. आणि खरी शेजारीण होती, तिला कुणी ओतलंच नाही.

ही नुसती जुनी कथा नाही. साखर कारखान्याचा हंगाम लागला की आपल्याकडे गाडीतळावर टायरगाड्यांच्या रांगा लागतात. ऊस तोडायला आलेलं नवराबायकोचं जोडपं मिळून हिशोबात एक 'कोयता' धरतात. दोन माणसं, नाव एका हत्याराचं. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, मुक्कामावर येऊन बैलांना वाढं टाकते, मग चूल पेटवते. उद्या कुणी या गाडीचं शिल्प केलं, तर त्यात कोण उभं असेल? दायमाबादसारखा एकटा गडीच उभा राहिला, तर चार हजार वर्षांत आपण काय पुढे आलो?

आणि बैलही आता कमी झाले. ट्रॅक्टर आला, दावण रिकामी झाली. बैल आहे तोवर त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. बैल गेला की नाव एका म्हातारीच्या डोक्यात उरतं. म्हणून आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हालाही सांगतो.

पहिली. मोडीत घालण्याआधी देवघरातला नंदी, खंडोबाचा टाक, जुनी घंटा, बैलाच्या गळ्यातले घुंगरू घरातल्या मोठ्या बाईला दाखवायचे. हे कुणी आणलं, कशासाठी आणलं, विचारायचं. खंडोबाच्या टाकावर तर घोडा असतो, शेजारी म्हाळसा असते आणि पायाशी कुत्रा असतो. आपल्या देवघरात बाई आणि जनावर एकाच पत्र्यावर आहेत, हे नीट बघा तरी एकदा.

दुसरी. गटाच्या वहीत शेवटची पानं सोडायची. त्यावर प्रत्येकीने आपल्या घरच्या जनावरांची नावं लिहायची. बैल, गाय, म्हैस, शेळी. नाव, रंग, कुठून आली, कुणी वाढवली, केव्हा गेली. 'कुणी वाढवली' हा रकाना मोकळा सोडायचा नाही.

तिसरी. शेतात खणताना, विहीर काढताना, पाया घेताना जुनी वस्तू लागली तर ओढून काढायची नाही. जागा तशीच ठेवायची आणि तलाठ्याला, तहसीलदाराला कळवायचं. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूविषयी १८७८ सालचा कायदा आहे. तो सांगतो की जिल्हाधिकाऱ्याला खबर द्यायची. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर मोबदल्याची तरतूदही त्यात आहे. लपवली तर गुन्हा होतो. आणि थरासकट राहिली तर तिचं वय कळतं, हे आपण दायमाबादवरून शिकलोच.

आत्याबाईंचा नंदी पुन्हा देवघरात गेला आहे. आता त्याच्या पाटाखाली एक कागद आहे. नातीने लिहिलाय. वर लिहिलंय, सर्ज्या. आणि त्याच्या शेजारी त्याला वाढवणाऱ्या बाईचं नाव. ते नाव लिहायला घरातल्यांना जरा आठवावं लागलं, कारण तिला सगळे नुसतं 'म्हातारी' म्हणत. आठवलं, आणि लिहिलं.

तुमच्या घरी कोण आहे बैलाशेजारी? पुढच्या बैठकीला सांगा. आम्ही वही घेऊन बसतो.